दुसरं प्रूफ

जिंतूरला, बसस्थानकामागं, खमरभाईंच्या छापखान्यात
मी पक्षाचा अहवाल लावते आहे.
सोळा पानं, आर्ट पेपर, वीस हजार प्रती.
मथळा: ‘दिल्लीत घुमला आपला आवाज’.
घुमला की दुमदुमला, यावर
मुंजाजीराव दोन दिवस अडून होते.
रंग भगवा नको म्हणाले, निळा नको, हिरवा तर नकोच.
आम्ही जांभळा धरला.

अधिवेशन संपून आठवडा झाला.
तारांकित प्रश्न एकोणीस, अतारांकित एकशे चार,
शून्य प्रहरात सहा वेळा,
नियम तीनशे सत्याहत्तरखाली दोनदा.
खासगी विधेयक एक. मांडलं.
पुढचं लिहू नका म्हणाले.

जुना फाँट युनिकोडमध्ये ओतला
की जोडाक्षरं मोडतात.
पहिल्या प्रूफात प्रत्येक प्रश्नातला न
निसटून बाजूला पडला होता.
एकशे तेवीस ठिकाणी मी तो
हातानं परत जागेवर बसवला.
एवढी मेहनत दिल्लीत तरी कुणी घेतली असेल का,
खमरभाई म्हणाले, चहा पीत, दार लोटून.

उत्तरांना जागा नव्हती.
अहवालात प्रश्न जातात.
उत्तरं फाईलमध्ये होती, मी वाचली:
माहिती संकलित केली जात आहे.
असा कोणताही प्रस्ताव विचाराधीन नाही.
प्रश्न उद्भवत नाही.
हे शेवटचं मी दोनदा वाचलं,
कारण त्यातलाही न मोडला होता.

पान अकरा. ओळ सात.
‘अंगणवाडी सेविकांच्या थकीत मानधनाबाबत
सभागृहाचे लक्ष वेधले.’

हे पत्र माझ्या हातचं.
पोळ्याच्या आदल्या दिवशी, तहसीलसमोर,
पक्षाच्या मोहिमेच्या मांडवात पेटी होती,
‘तुमचा प्रश्न संसदेत’,
बिस्किटाच्या डब्याला वरून चीर पाडलेली.
आई सांगत गेली, मी लिहीत गेले.
खाली तिनं सही केली, शेषाबाई,
श वरची मात्रा विसरून,
मग आठवून.

सेविका नाही ती. मदतनीस.
सेविका नोंदवही लिहिते.
आई पाणी भरते, झाडते, शिजवते,
झोपलेली लेकरं घरोघरून उचलून आणते.
मानधन निम्म्याहून थोडं जास्त,
थकतं मात्र पूर्ण.
पत्रात तो शब्द तीनदा होता.
परभणीच्या कार्यालयात एकदा उरला,
दिल्लीला पोचेतो गेला.
कुणी मुद्दाम काढला नसेल.
ओळ लांब होत असेल.

मी कर्सर नेला. टाईप केलं:
‘सेविका व मदतनीस यांच्या’.
ओळ फुटली, परिच्छेद खाली सरकला,
त्याखालचा फोटो,
साहेब आणि मागं संसदेचे खांब,
चौकटीबाहेर निघाला.
मी साहेबांना चार मिलिमीटरनं लहान केलं.

संध्याकाळी मुंजाजीराव आले.
हातात पट्टी नव्हती, नजरेत होती.
“फोटो बारका कामून झाला?”
मजकूर वाढला, म्हटलं.
“कोणता?”
दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर सारला.
“हे बोललेत का साहेब तिथं?”
पत्रात होतं.
“पत्रात काय, लई काही असतंय.”
तेवढ्यात फोन आला. ते बाहेर गेले,
रस्त्यावर बराच वेळ हसत उभे राहिले,
परत आले ते पेन उघडूनच.
प्रूफावर सही. छापा.

इतिवृत्तात तो शब्द नाही.
मी शोधला होता, आधीच.

रात्री एक प्रत घरी नेली.
आईनं बोट फिरवत पान अकरा काढलं,
ओळीवर आली, थांबली.
“नी दुसरी ना गं?”
दुसरीच.
“मग बरोबर हाय,” म्हणाली,
आणि उद्याची मटकी भिजत घालायला उठली.