सातऱ्यात

भिवापूरच्या सातऱ्यात आम्ही मिरचीची देठं खुडतो.
टोपलीला एक पितळी बिल्ला,
सांजेला बिल्ल्यांचे पैसे.

परीक्षा जवळ आली, पुस्तक मांडीवरच असतं.
सयत्रामावशी म्हणते, मोठ्यानं वाच,
हात नोको थांबवू.

वाचते: स्पेनच्या राजानं तिकडं
जमिनीआधी माणसं वाटून दिली.
एकेका सरदाराला इतकी इतकी गावं;
त्यानं धर्म शिकवायचा, गावांनी राबायचं.
पोटोसीच्या डोंगरात चांदी.
सातांतला एक गडी पाळीनं खाणीत.
चांदी जहाजांत, जहाजं जगभर.
आणि खाली, चौकटीत, बारीक टायपात:
मिरचीही त्याच मुलखातली.

ठसका लागतो कुणाला तरी.
मावशी एक मिरची उजेडात धरते,
सोयरीक निघाल्यासारखी बघते तिच्याकडे.
"लय दुरून आली वं तू."
मग मला, "त्या डोंगरात बिल्ले कोन मोजे?"

पुस्तकात ते नाही.
दिवाणजी काट्यापाशी खाकरतो.
आम्ही खाली बघतो.

रात्री दोन्ही हात ताकात बुडवून बसते,
तरी बोटांची आग जात नाही.
पान उलटायला धाकटी लागते.
ती विचारते, उलटू?
थांब, म्हणते,
अजून डोंगरातच आहे.