साठनंतर पासष्ट

चरईतल्या वाचनालयाच्या प्रतीत
साठाव्या पानानंतर एकदम पासष्टावं होतं.
साठाव्यावर वेणू आणि तिचा घोडा राखुंड्या
पाचव्या पुलाच्या तोंडाशी उभे,
खाली काळं पाणी, पलीकडे दिवा.
पासष्टाव्यावर वेणू एकटीच चालतेय,
पायात एकच चप्पल,
कमरेला गुंडाळलेला अर्धा लगाम.

मधे काय झालं
ते ठाऊक असलेलं ठाण्यात कुणी नव्हतं.
ठकारबाईंनी चष्म्यावरून पाहिलं
आणि रजिस्टरात लाल शाईनं लिहिलं : दोन पाने गहाळ.
दंड चार रुपये. श्रीरंगदादाने भरला,
गल्ला फोडून.
मला वाटलं, मोठेपणा.

मग त्यानेच सांगितलं,
मागच्या गॅलरीत दात घासता घासता :
राखुंड्या मागे फिरला. त्याला पूल आवडत नाहीत.
पोहत पोहत खाडीत आला,
खाडीतून घोडबंदरला.
नाव काय उगीच पडलंय?
घोड्यांचं बंदर आहे ते. तिथे चणे देतात.

मी सात वर्षांची होते.
मला चणे पटले.

पुढे बोरिवलीला मावशीकडे जाताना
मी बसमध्ये उजवीकडची खिडकी मागायचे.
डावीकडे नुसते डोंगर, ते कुणीही बघावेत.
एकदा खरंच दिसला,
चिखलात मान खाली घालून उभा, राखाडी.
दादा म्हणाला, बघ.
मग म्हणाला, जरा म्हशीसारखा दिसतोय,
पण तोच.

आता त्याच रस्त्यावरच्या मॉलमध्ये,
चौथ्या मजल्यावर, रविवार दुपार,
दादा, मी, आणि मधे दादाची मैथिली.
वेणूच्या पायात बूट होते.
केस असे, की सात पूल ओलांडून एक बट हलू नये.
मी कुरकुरले. लोकांनी शुक् केलं.
दिवा मात्र बरोबर होता,
आजारी माणसाच्या उशाशी रात्रभर ठेवतात ना,
अगदी तेवढाच.

पाचवा पूल आला
तसा दादा मैथिलीवरून माझ्याकडे झुकला :
जरा पाणी घेऊन येतेस?
हिला तहान लागलीय.

मैथिलीच्या मांडीवर बाटली होती.
भरलेली.

मी उठले नाही.
घोड्याने लगाम स्वतःच्या दातांनी तोडला,
वेणूला ओढ बसू नये म्हणून,
आणि मग तो पडला. खूप वेळ पडत राहिला.
व्हायोलिनं वाजत होती.
मी दादाकडे पाहिलं.
तो पडद्याकडे बघतच नव्हता,
खुर्चीच्या हातावर कप ठेवायचा खळगा असतो
त्यात बोट फिरवत होता, गोल गोल.

आणि मला ती कड आठवली.
शिवणीजवळची. फाटलेली नव्हे, कापलेली,
सरळ, जपून,
कंपासपेटीतल्या स्टीलच्या पट्टीनं कापावी तशी.

अकरा वर्षांचा होता तो.
त्याने ती दोन पानं एकट्याने वाचली होती.
त्याला कुणी चणे दिले?

बाहेर मैथिली म्हणाली, घोडा भारी मेला.
ग्राफिक्स एक नंबर.
दादा पार्किंगची चिठ्ठी शोधत राहिला
चारही खिशांत,
ती हातातच होती.

घर पाचपाखाडीला.
त्याने गाडी उलट्या दिशेला घेतली.
मेट्रोचे खांब, पुढे खांब, पुन्हा खांब,
कंटेनरांच्या मागे सरकत सरकत
गायमुखपर्यंत.
कुठे चाललोय, मैथिलीने विचारलं.
इथेच, तो म्हणाला. जरा खाडीवर.

मी विचारायचं होतं ते विचारलं नाही.
विचारलं ते एवढंच :
तिथे चणेवाला असतो का रे?

रविवारी असतो, म्हणाला,
आणि माझ्या बाजूची काच खाली केली.