फणीवाला

बाप्तिस्म्याच्या वहीत तो नाही.
सतराशे एकसष्टच्या पानावर उंदरांनी
मार्च ते जून कुरतडलाय;
बहुधा तेवढ्यातच जन्मला असावा.

लग्नाला मात्र हजर. ॲम्ब्रोज थर्कल,
धंदा: शिंगाच्या फण्या करणे.
सहीच्या जागी फुली, तीही कलती.
पहिल्या पोराच्या वेळी टर्कल. दुसऱ्याच्या, थर्टल.
पाद्रीबुवांना कमी ऐकू येत असावं,
किंवा यालाच सापडायचं नव्हतं.

व्यापाऱ्यांच्या यादीत दोन वर्षं दिसतो,
नॉर्विचच्या मासळीबाजारामागे, बिनदुकानाचा.
मग एकदम दंड: साडेतीन शिलिंग,
शिंगं उकळल्याचा वास
प्रवचनात शिरला म्हणून.
मी मोठ्यानं हसले. मिसेस पॉमफ्रेटनी
चष्म्यावरून पाहिलं.

मेल्याची नोंद नाही.
तीन पॅरिश झाल्या, बावीस वह्या.
‘अनोळखी इसम, नदीकाठी’ असे चौघे आहेत;
चौघांनाही पेन्सिलीनं उतरवून घेतलंय,
कुणाला मागे ठेवू?

पाच वाजता उशीवरची वही उचलून नेली.
बसथांब्यावर वारा. केसांत बोटं अडकली.
हा गुंता आईचा, तिच्या आईचा,
फणीवाल्याच्या घरातले
एकाही फणीला दाद न देणारे केस.