ब्रेकमधली हवा

केमीच्या अलीकडे, समुद्र गोठायच्या आधीचा शनिवार.
शेडमध्ये बाबा चाकापाशी आडवे,
मी ड्रायव्हरच्या सीटवर, नुसत्या मोज्यांनिशी.
बूट नकोत म्हणाले, पायाला कळलं पाहिजे.

सगळ्यात लांबचं चाक आधी.
मागचं उजवं. रस्त्यावरच्या मिठाने खाल्लेला हवेचा स्क्रू,
रात्रभर तेल पाजूनही
पाना घसरलाच. बाबांनी एक शिवी हासडली
आणि त्याच सुरात माझं नाव घेतलं.

दाब.
तीनदा दाबते.
धर.
धरलंय.
खाली कुठेतरी कुर्र होतं
आणि पेडल पायाखालून बुडत जातं
चिखलात उतरल्यासारखं, थेट तळापर्यंत.
सोड.

एवढंच. एवढ्यावर
आमचं दोन वर्षं बरं चाललंय.

बरणी आईची. क्लाउडबेरीच्या जॅमची,
झाकणावर तिच्या तिरक्या अक्षरात साल.
तिच्यात आता नळीतून उतरतंय
बारा वर्षांचं ब्रेक ऑइल, कोऱ्या चहाच्या रंगाचं,
आणि मधूनच बुडबुडे.
"आला," बाबा म्हणतात, "अजून एक आला,"
गळाला मासा लागल्यासारखे खूश.
हे दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, मी म्हणाले.
ठाऊक आहे, म्हणाले.

चौथं चाक. पुढचं डावं, माझ्या गुडघ्याजवळचं.
दाब. धर. धरलंय.
पेडल तळाला टेकलं.
सोड आलं नाही.

पोटरी थरथरायला लागली.
स्क्रू आवळलाय की उघडाच, वरून दिसत नाही.
आत्ता पाय उचलला तर हवा परत आत,
सगळं पुन्हा पहिल्या चाकापासून.

"सैनी," खालून आवाज,
"घर विकलं तर चालेल का तुला?"

समोर शेडची भिंत. खिळ्यांना टांगलेले पाने,
थोरल्यापासून धाकट्यापर्यंत,
दहा नंबरच्या जागी फक्त त्याची पेन्सिलने काढलेली कड.
त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, मला त्यांचा.

"धरलंय," मी म्हणाले.

पान्याचा पाव फेरा ऐकू आला.
मग थोडा वेळ काहीच नाही.
सोड.

अंधारायच्या आत एक चक्कर मारली.
पेडल दगडासारखं. फाटकापाशी
गाडी म्हटल्या जागी उभी राहिली.
बरणी माझ्या पायांत, मंगळवारी
घातक कचऱ्याच्या केंद्रावर द्यायची.
झाकण वेगळंच होतं, लोणच्याच्या बाटलीचं,
नीट बसत नव्हतं.
सालवालं बाबांच्या खिशात वाजत होतं
किल्ल्यांबरोबर.