मसुदा सात अंतिम नवा

रात्री साडेअकराला शटर अर्धं ओढलं होतं,
तेवढ्यात मोघे वकील वाकून आत आले,
मागोमाग एक पेनड्राइव्ह, बिस्किटाचा पुडा आणि दोन पक्ष.
तिसरा पक्ष गाडीतच बसून राहिला.
आपली खुर्ची कुठली, ते त्याला आधी कळायला हवं होतं.
दुकानात खुर्च्या दोनच.

एरवी मी लग्नपत्रिका करते,
अप्पा बळवंत चौकामागच्या बोळात, एकोणीस वर्षं.
मुलाच्या काकांचं नाव मुलीच्या मामांच्या वर गेलं
म्हणून मोडायला आलेल्या सोयरिकी
मी एक टॅब मारून सांभाळल्यात.
तर म्हटलं, सांगा.

महापालिका त्रिशंकू. आकडा कुणालाच गाठता आलेला नाही.
बेलसऱ्यांना महापौरपद हवं, पुरतं अडीच वर्षं.
इनामदारांनाही तेच.
मोघ्यांनी अडीचचे दोन तुकडे केले,
मी टाइप केलं : सव्वा-सव्वा.
मग पहिलं सव्वा कुणाचं
यावर चहा दोनदा येऊन गेला.
स्थायी समिती तिसऱ्याला, असं ठरलं
तेव्हा गाडीचं दार वाजलं.

मग कलमं.
'मिळकतकर वाढवणार नाही.'
'मिळकतकर वाढवू नये असे धोरण राहील.'
'मिळकतकरवाढीबाबत सहानुभूतीने विचार केला जाईल.'
क्रियापद दर वेळी एकेक पाऊल मागे सरकत होतं,
पाहुण्यांना वाट द्यावी तसं.
नदीकाठच्या कलमात झाडं होती.
तिथं 'शक्यतो' येऊन उभा राहिला,
झाडंच त्याच्या सावलीला बसली.

एकदा चुकून 'आणि'च्या जागी 'किंवा' पडलं
तर बेलसरे ताडकन उठले.
एवढा मोठा माणूस, एवढ्या अंगठ्या,
आणि एका अव्ययानं त्याला घाम फोडला.
त्या क्षणी मला ते जरा आवडले.
शब्दाला इतकं भिणारं गिऱ्हाईक
माझ्याकडे फारसं येत नाही.

फाइलचं नाव आधी 'मसुदा'.
मग दोन, तीन, चार, मग 'अंतिम',
मग इनामदारांचा फोन वाजला
आणि ते पायरीवर जाऊन बोलून आले,
मग 'अंतिम नवा'.

पावणेतीनला मोघे म्हणाले, बाई, दोनच पानांत बसवा,
तिसरं पान पत्रकार वाचत नाहीत.
शेवटचं कलम गेलं तरी चालेल.

शेवटचं कलम एकोणिसावं :
'समाविष्ट गावांतील टँकर बंद करून
नळाने पाणी देण्यात येईल.'
ते कुणी घातलं होतं, तिघांनाही आठवेना.

मी आंबेगावात राहते, वरच्या अंगाला.
टँकर मंगळवारी येतो. शुक्रवारीही येतो, असं म्हणतात.

मी काही बोलले नाही.
चौदाचा टाइप साडेतेरा केला,
समास दोन्हीकडून दोराभर कापला,
ओळींमधली हवा थोडी काढून घेतली.
तरी एक शब्द खाली लोंबत राहिला
म्हणून 'देण्यात येईल'चं 'देऊ' केलं.
जागा वाचावी म्हणून.
कुणी विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं.

कुणी विचारलं नाही. तिघांनी सह्या केल्या,
तिघांनी आपापलं पेन वापरलं.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर बेलसरे वाचत होते.
एकोणिसाव्या कलमापाशी आले,
'नळाने पाणी देऊ',
आणि अडखळले,
अंधारात एक पायरी जास्त निघावी तसे.
मग पुन्हा वाचलं, आवाज चढवून.
टाळ्या पडल्या. इनामदारांनीही वाजवल्या.

पहिलं सव्वा आता संपत आलंय.
माझं बिल तिघांमध्ये फिरतंय अजून,
प्रत्येक जण म्हणतो, ते त्यांच्या वाट्याला आलंय.
मंगळवारी पाइप धरून रांगेत उभी असते
तेव्हा पर्समधली प्रत कधीकधी उघडून बघते.
साडेतेरातली ओळ.
बारीक आहे,
पण वाचता येते.