दुसरा उकार

जेल रोडवरचा दुकानदार म्हणाला, भंगारात द्या, मॅडम.
बारा वर्षांचा संगणक,
आता कंपनीच त्याला ओळख दाखवत नाही.
नवा घ्या. बत्तीस हजार, हप्त्यानं.
मी पर्स मिटली
आणि पाव किलो लसणी सेव घेऊन घरी आले.

रविवारी वरच्या मजल्यावरचा अर्हम चौरडिया
पेनड्राइव्ह घेऊन खाली आला, करंगळीच्या पेराएवढा.
यात अख्खी सिस्टिम आहे म्हणे.
केवढ्याची?
‘कितने की नहीं, आंटी. मुक्त है.’
फुकट म्हण ना.
‘मुफ़्त भी है. पर पहले मुक्त.’
रामबागेतल्या छापखान्यात पस्तीस वर्षं
मी लोकांची प्रुफं तपासली,
पण या दोन शब्दांच्या मध्ये
लाल रेघ मारायची वेळ कधी आली नव्हती.

आधी भाषा विचारली.
अर्हमचं बोट हिंदीवर होतं, माउस मी घेतला.
मलयाळमच्या खाली होतो आम्ही.
मग नकाशा. अख्ख्या देशात ठिपका एकच, कोलकाता.
गांधी हॉलच्या घड्याळाला
कुणी विचारलं नसावं.

मग विचारलं, संगणकाचं नाव काय?
आली का पंचाईत.
घरात घुगऱ्या नाहीत, पाळणा नाही, आत्या नाही,
आणि देवनागरी तर ते घेईचना.
रोमन अक्षरांत लिहिलं, खिळा.
शिशाचा एक अजून आहे माझ्या शिवणाच्या डब्यात,
उलटा ‘ळ’, छापखाना मोडला तेव्हा उचललेला.
चोरी म्हणा हवं तर.

पुढचा पडदा म्हणाला, सगळं पुसलं जाईल.
‘जो रखना था, रख लिया?’
घेतलं होतं ठेवून. मंडळाच्या त्रैमासिकाचे सतरा अंक,
गॅसचा ग्राहक क्रमांक,
भाच्याची लग्नपत्रिका, जिच्यातली मुलगी
पुढे बदलली.
समासातल्या त्या शेपटीवाल्या खुणेनं
मी आयुष्यभर शब्द उडवले.
एवढं मोठं काही पहिल्यांदाच.
बटण मीच दाबलं.

पट्टी सरकत राहिली, मुंगीच्या चालीनं.
मी पोहे केले, वर जिरावण सढळ.
कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दाराशी थांबली,
गेली.
तिला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं.

मग पडद्यावर आलं:
स्थापना पुर्ण झाली.

अर्हमनं टाळी वाजवली.
मी म्हटलं, नाही झाली.
‘क्या हुआ?’
पुर्ण. पहिला उकार.
तो वाकून बघत राहिला, त्याला काहीच दिसेना.
‘तो ठीक कर दो ना.’
कोणी?
‘आप.’
अरे, छापून झालंय ते, आता काय शुद्धिपत्र लावू?
तो हसला. ‘छपा नहीं है, आंटी. यही तो बात है.’

मग त्यानं ती ओळ उघडून दाखवली.
कुणीतरी रात्री जागून लिहिलेली असणार,
घाईत, शाळेत नववीपर्यंतच मराठी असलेल्या कुणीतरी.
शेजारी मोकळा चौकोन.
मी एक उकार काढला, एक लावला.
कारण विचारलं होतं, तेही दिलं:
तत्सम शब्द. उकार दीर्घ.
पदवी विचारली नाही. मजुरीही नाही,
पानाचे दोन रुपये मिळायचे मला शेवटी शेवटी.

नऊ दिवस काहीच नाही.
दहाव्या दिवशी उत्तर आलं, अनोळखी नावाचं,
कुठल्या गावचं कोण जाणे:
बरोबर आहे. घेतलं.
अशा अजून अकरा जागा आहेत. बघाल का?

चष्मा पुसला. चहा उतू गेला तो वेगळाच.
आठ झाल्यात आजपर्यंत.
नवव्या जागी अडले आहे,
फाइल की फाईल.
अर्हमला विचारून काही उपयोग नाही.