रिकामी रात्र

क्लेमेन्सच्या घरी घड्याळ थांबवलंय, चार वाजून दहा मिनिटांवर.
आरशावर ओतिलियाची काळी शाल.
मरताना त्याच्या हातात दिलेली मेणबत्ती,
वादळात खिडकीत लावायची तीच,
अजून अर्धी उरलीय.

उद्या त्याला नेतील.
आजच्या रात्रीला आमच्या काशुबियात
रिकामी रात्र म्हणतात. ती गाऊन भरायची असते.
आणि जुन्या वहीतली सगळी गीतं येणारी
या तळ्याकाठी मी एकटीच उरले.

अकरा वर्षं मी या माणसाशी बोलले नव्हते.
कुंपण. दोन विती जमीन.

शवपेटी स्वयंपाकघरातल्या दोन खुर्च्यांवर.
बायका कॉफी फिरवतात,
पुरुष दाराशी हेरिंगच्या भावावर बोलतात,
मग कुणीतरी माझ्याकडे बघतं
आणि मी सुरू करते.
तिसऱ्या गीतापर्यंत आवाजात राग होता.
सतराव्याला नुसता घसा.
पहाटे, ‘प्रभो, याला चिरंतन विश्रांती दे’ म्हणताना
‘याला’च्या जागी त्याचं नाव आलं तोंडात.
अकरा वर्षांनी.

सकाळी पेटी उंबऱ्यावर तीनदा टेकवली;
तो घराचा निरोप घेतो, म्हणतात.
मागे खुर्च्या पालथ्या घातल्या.
मधमाश्यांना सांगायला ओतिलियानं मलाच पाठवलं.
त्यांच्याही पेटीवर टकटक केली:
मालक गेला गं तुमचा.

फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं.
सगळ्यांनी तिथलीच मूठमूठ माती टाकली.
माझी मी घरून आणली होती, कोटाच्या खिशातून,
कुंपणालगतची.

घे, क्लेमेन्स.
आता मोज.